सातवी फळी

वडघाटच्या वल्हे मंडळात पोत्याला जागा होती, पण मत नव्हतं. गावातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. बाहेरच्याला मात्र मुळापासून सांगावं लागतं, तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

सांगलीच्या वरच्या अंगाला कृष्णेकाठी वडघाट आहे. घाटाला लागून पत्र्याची लांबट शेड आणि शेडमध्ये ‘साळुंकी’ नावाची होडी. अरुंद, लांब, आठ फळ्यांची. एका फळीवर एक माणूस, सगळ्यांची तोंडं पुढे, एकाचं वल्हं डावीकडे तर त्याच्या मागच्याचं उजवीकडे. बांधणाऱ्यानं ती आठ माणसांच्या वजनालाच बांधली होती. त्यामुळे कुणी तापानं फणफणला, किंवा घरी पाहुणे आले म्हणून अडकला, तर त्याची फळी रिकामी ठेवून भागत नसे. साळुंकी डचमळायची, रुसल्यासारखी वाकडी चालायची. मग त्याच्या फळीवर त्याच्या वजनाचं ओल्या वाळूचं पोतं ठेवत. पोत्यावर डांबरानं त्याचं नाव. माणूस परतला की वाळू नदीत ओतायची आणि त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. माणूस परतणारच नसेल, तर तेराव्या दिवशी नदीच्या मध्यावर जाऊन वाळू ओतायची. त्या दिवशी चहा कुणी पाजायचा, हे मात्र कुठं ठरलेलं नव्हतं.

शेडच्या भिंतीवर मंडळाचे दोन नियम रंगवलेले होते. पहिला, वल्हवताना मागे वळून पाहू नये. दुसरा, वार्षिक सभा दसऱ्याच्या सकाळी नदीच्या मध्यावर भरेल आणि आठही फळ्यांवर सभासद हजर असतील तरच ती भरली असं समजलं जाईल. मंडळ स्थापणाऱ्यांना वाटलं असावं, सीमोल्लंघन करायचंच तर सभाही तिथंच उरकून घ्यावी. नगरपालिकेनं घाटाची जागा दिली तीही याच अटीवर: ज्या वर्षी सभा भरणार नाही, त्या वर्षी मंडळ संपलं आणि जागा परत.

“रोजच्या सरावाला पोतं चालंल,” मंडळाचे अध्यक्ष गुरव सर म्हणायचे, “सभेला चालणार नाही. पोत्याला मत नाही.” सर पहिल्या फळीवर बसत. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना एवढा काळ लोटला होता, की त्यांचे विद्यार्थीही निवृत्त झाले होते.

देवगोंडा पाटील हा मंडळाचा चिटणीस. सगळे त्याला देवाप्पा म्हणत. त्याची फळी सहावी. त्याच्या मागे सातव्या फळीवर दत्तू आंबी, नावाड्यांच्या घरातला, नदीतच जन्मल्यासारखा माणूस. दोघं तरुणपणी एकाच दसऱ्याला होडीत चढले, आणि तेव्हापासून दत्तू देवाप्पाच्या पाठीमागे होता. गंमत अशी, की देवाप्पानं त्याला वल्हवताना एकदाही पाहिलं नव्हतं. मागे वळायचं नाही, हा नियमच होता. दत्तू त्याला ठाऊक होता तो मानेवर उडणाऱ्या पाण्यावरून, श्वासाच्या घरघरीवरून, आणि आपण थकलो की होडीला मागून जो हलका रेटा मिळे त्यावरून. घाटावर दोघं फारसं बोलतही नसत. बोलणं वल्ह्यावर होऊन जायचं.

फळी एकदा मिळाली की ती मरेपर्यंत. हाही नियमच होता, पण तो भिंतीवर लिहावा लागला नव्हता. गावातली पोरं काठावर बसून वाट बघायची, दोन-चार वर्षांनी कंटाळायची आणि पुण्याला निघून जायची. मग वार्षिक सभेत ठराव व्हायचा, की नव्या पिढीला मंडळाविषयी आस्था उरलेली नाही. ठराव एकमतानं मंजूर व्हायचा.

शेवटी मंडळात आठच माणसं राहिली. आठही फळ्या भरलेल्या, काठावर कुणी नाही. आणि त्याच सुमारास पुण्याहून निनाद आला.

निनाद ‘सांगाती’ नावाच्या कंपनीचा. दाढी राखलेला, अदबशीर, पण घाटाच्या शेवाळावर पहिल्याच दिवशी सपशेल आपटलेला. त्यानं आठ जणांना शेडमध्ये बसवून जे सांगितलं, ते थोडक्यात असं.

माणसं मिळून एखादं काम तालात करू लागली, दोर ओढणं म्हणा, गाणं म्हणा, वल्हवणं म्हणा, की त्यांचे श्वास आणि नाडीचे ठोके हळूहळू एकमेकांकडे सरकतात, हे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक होतं. सांगातीच्या प्रयोगशाळेला जे नवं सापडलं ते निराळं. ठोके जवळ येतात, पण एक होत नाहीत. प्रत्येक माणूस आपला एक बारीकसा फरक राखून असतो. कुणी केसभर आधी, कुणी केसभर नंतर, कुणी दुसरा दमला की पुढं सरकणारा. सोबतच्यांच्या शरीरांना हे फरक ओळखू येतात, मनाला पत्ता नसला तरी. आपण माणसांत बसलोय असं जे वाटतं, त्यातला बराचसा भाग म्हणजे ही ओळख.

कानाच्या आतल्या वळीपाशी एका मज्जातंतूची फांदी येते. तोच मज्जातंतू पुढं छातीत उतरून हृदयाला आणि फुप्फुसांना जाऊन भिडतो. तिथं तांदळाच्या दाण्याएवढी टिकली चिकटवली, की ती अंगातला ताल वाचते आणि दुसऱ्यांचा ताल हलकेच आत सोडते. कानाला काही ऐकू येत नाही, डोळ्यांना दिसत नाही. फक्त सोबत कुणी आहे असं वाटत राहतं.

“पण ही सोबत तयार करता येत नाही,” निनाद म्हणाला. “आम्ही खूप प्रयत्न केला. ती खऱ्या माणसांच्यात रुजलेली असावी लागते, वर्षानुवर्षं. असा गट आम्हाला सापडत नाही. तुमच्यासारखा.”

“म्हंजे आमी वल्हवायचं आणि पुण्यात कुणाला तरी बरं वाटायचं,” दत्तू म्हणाला.

“हो काका. तसंच.”

“मग वाटू दे की. आपलं काय जातंय?”

झालं असं, की ते फार जणांना वाटलं. पुण्यात, बंगळूरमध्ये, हैदराबादेत एकेकट्या खोलीत राहणारी, पडद्यापुढं दिवस काढणारी मुलं सकाळी टिकली लावून वडघाटच्या होडीत बसू लागली. कंपनीच्या नियमानं ज्यानं टिकली घेतली तो मंडळाचा सभासद. वर्ष फिरायच्या आत आठाचे चाळीस हजार झाले. गुरव सरांनी सभेत नव्या पिढीच्या अभिनंदनाचा ठराव मांडला. तोही एकमतानं मंजूर झाला. शेडचे पत्रे बदलले, साळुंकीला नवा रंग लागला. घाटावर माणूस मात्र एकही वाढला नाही.

देवाप्पाला सकाळी होडीत बसताना कधी कधी गंमत वाटे, की आपल्या अंगामागं चाळीस हजार पोरं बसलीत. मग तो ते विसरून जाई. त्याला कळायचे ते सातच जण, आणि त्यातही एक जरा जास्त. टिकलीनं दत्तूचा ताल इतका स्वच्छ आणून दिला होता, की इतकी वर्षं नुसतं ओळखीचं होतं ते आता हाताला लागल्यासारखं झालं.

त्या उन्हाळ्यात दत्तू गेला. कावीळ झाली, अंगावर काढली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. त्याची बायको पूर्वीच गेलेली. मुलगी प्रांजल पुण्याहून आली, रडली नाही, दिवस उरकून परत गेली.

सुतकात सराव बंद होता. तेराव्याला सातजण पहाटे घाटावर जमले. दत्तूच्या नावाचं पोतं सातव्या फळीवर ठेवलं आणि रिवाजाप्रमाणे मध्यावर जाऊन वाळू ओतायला निघाले. टिकल्या लावल्या त्या केवळ सवयीनं.

देवाप्पानं पहिलं वल्हं मारलं, आणि मागून रेटा आला.

त्याला वाटलं, भास असेल. त्यानं मुद्दाम हात सैल सोडला. मागचा ताल केसभर पुढं सरकला, अगदी दत्तूसारखा, कुरकुर न करता ओझं उचलणारा. पुढचे सगळे थबकले होते. त्यांनाही कळलं होतं. होडी आपोआप वाहत राहिली. शेवटी गुरव सर पुढं बघतच म्हणाले, “देवाप्पा, आज ऊन फार आहे.” सूर्य अजून उगवायचा होता. होडी वळवली, आणि पोतं तोंडही न उघडता परत आलं.

निनादला फोन केला तेव्हा तो जरा ओशाळला. एखादी फळी रिकामी झाली तर चाळीस हजार सभासदांना ती पोकळी टोचू नये, म्हणून यंत्रात सोय ठेवली होती. यंत्र दत्तूचा जुना ताल वाजवून दाखवत नव्हतं. बाकीचे सात या क्षणी काय करताहेत ते बघून, अशा वेळी आठव्यानं काय केलं असतं, ते ओळखत होतं.

“म्हंजे तो आमाला उत्तर देतोय,” देवाप्पा म्हणाला.

“तसं म्हणता येईल. नको असेल तर बंद करतो, काका. एक शब्द सांगा.”

देवाप्पानं तो शब्द सांगितला नाही.

त्यानंतरचे महिने त्याच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले म्हणावेत की वाईट, हे त्यालाही सांगता आलं नसतं. पहाटे तो अंथरुणातून असा उठे, जणू कुणी हाक मारली आहे. मागे वळून पाहायचं नाही एवढीच अट होती, आणि ती तर तो जन्मभर पाळत आला होता. फक्त मानेवर पाणी उडत नसे. पूर आला, होडी शेडमध्ये ओंडक्यांवर चढवली, तरी सातजण तिच्यात जाऊन नुसते बसत. बाहेर नदी घाटाच्या पायऱ्या गिळत असे, आणि आत म्हातारे कोरड्या होडीत श्वासाला श्वास लावून बसलेले असत. गावात लोक हसले. हसू देत.

“तुमी होडीसाठी जाताय का दत्तू भावजींसाठी?” एकदा त्याच्या बायकोनं, मालननं, भाकरी थापता थापता विचारलं.

“दोन्ही एकच की.”

“मग त्यास्नी तिथंच बसवून ठेवलंय म्हना की तुमी,” ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. देवाप्पा न जेवता उठला. तिचं खरं होतं म्हणूनच त्याला राग आला होता.

भाद्रपद संपत आला तसा गुरव सरांनी विषय काढला. दसरा तोंडावर आला होता, आणि होडीत माणसं सात होती.

“चाळीस हजारांतला एक आणा,” सर म्हणाले. “एवढं काय अवघड आहे?”

देवाप्पानं सगळ्या सभासदांना निरोप धाडला: एक सकाळ या, सभेपुरतं बसा, नाहीतर मंडळ संपेल. उत्तरं धो धो आली. हजारो लाल बदाम आले. आम्ही मनानं तिथंच आहोत, असं पुष्कळांनी कळवलं. एका मुलानं लिहिलं, की तुमच्या होडीमुळं मी मागच्या वर्षी जिवंत राहिलो. देवाप्पानं ते दोनदा वाचलं आणि चष्मा पुसला. पण येतो असं त्यानंही लिहिलं नव्हतं.

निनादचाही फोन आला. त्याला मदत करायची होती, पोरगा मनानं वाईट नव्हता. “काका, तुम्ही एवढी काळजी करू नका. आता आठही जणांचा ताल आमच्याकडे पक्का झालाय. उद्या तुम्ही कुणीच होडीत बसला नाहीत, तरी मंडळ चालेल.”

देवाप्पानं फोन ठेवला आणि कितीतरी वेळ शेडच्या दारात उभा राहिला. साळुंकी ओंडक्यांवर पडून होती आणि तिच्या सातव्या फळीवर दत्तूचं पोतं बसलेलं होतं. आपण गेल्यावर आपलंही असंच पोतं, आणि पोत्याच्या मागं पुढं पोतीच, आणि कुठल्याशा खोलीत कुणाला तरी सोबत वाटत असेल, हे त्याच्या डोळ्यांपुढं आलं, आणि तो भ्याला.

त्या आठवड्यात प्रांजल आली.

बापासारखीच रुंद खांद्यांची, डोक्यावर केस आखूड, पाठीला एक पिशवी. ती थेट शेडमध्ये शिरली, साळुंकीला हात लावून पाया पडली आणि म्हणाली, “काका, मी बसते. सभेला माणूस लागतंय ना?”

देवाप्पाला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याच्या मागोमाग दुसरंच काही आलं. “बस की,” तो म्हणाला. “पर टिकली लावू नको.”

“का?”

त्यानं सांगितलं. निनादकडून त्यानं आधीच विचारून घेतलं होतं. एका फळीला एकच माणूस. जिवंत माणूस टिकली लावून बसलं, की यंत्र त्या फळीवरचा जुना माणूस पुसून नव्याला शिकू लागतं. पुसलेला परत येत नाही.

प्रांजल पोत्याकडं बघत राहिली. “मला ठाऊक हाय,” ती हळूच म्हणाली. “मी पण रोज लावते, काका. हिंजवडीच्या खोलीत. दादा रोज असतात.” ती बापाला दादा म्हणायची.

दोघं एकमेकांकडं बघेनात. एकाच चोरीत सापडल्यासारखी गत होती.

ठरलं ते असं: प्रांजलनं सातव्या फळीवर बसायचं, पण टिकलीशिवाय. सभेला डोकी आठ भरतील आणि दत्तूही राहील. गुरव सरांनी नाक मुरडलं, पण भिंतीवरच्या नियमात टिकलीचा उल्लेख नव्हता.

पूर ओसरल्यावर पहिल्याच सरावाला त्याचं काय होतं ते कळलं. पोतं काठावर उतरवलं, प्रांजल बसली. देवाप्पाच्या कानातून छातीत उतरणारा दत्तू शांतपणे ओढत होता, आणि पाठीमागं प्रत्यक्षात एक नवशिकी पोरगी भलत्याच वेळी पाणी कापत होती. आतून एक हुकूम, बाहेरून दुसरा. देवाप्पाचं वल्हं अडखळलं, तिचं वल्हं होडीच्या कडेवर खाडकन आपटलं, आठव्या फळीवरचा इलाही मुल्ला ओरडला, आणि साळुंकी एका कुशीवर गेली. थोडक्यात वाचले. होडीत घोट्याएवढं पाणी आलं.

“सावकाश,” देवाप्पा पुढं बघत खेकसला. “दत्तूकडं लक्ष दे.”

“मला कसे कळतील दादा?” ती मागून म्हणाली. “मी टिकली लावलेली न्हाई.”

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. होडीतल्या सगळ्यांना दत्तू कळत होता. फक्त त्याच्या पोरीला कळत नव्हता, आणि ती कुणालाच कळत नव्हती. म्हातारे उतरताना तिच्याकडं बघायचे ते अशा नजरेनं, की ती कुणाच्या तरी जागेवर बसलीय. ती खरंच बसली होती.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी ती घाटाच्या पायरीवर पाय पाण्यात सोडून बसलेली देवाप्पाला दिसली. तळहाताला फोड आले होते. तो शेजारी बसला आणि मालननं दिलेला लोण्याचा गोळा त्यानं तिच्या हातावर ठेवला.

“जाणार असशील तर जा,” तो म्हणाला. “तुला कुणी नावं ठेवणार न्हाई. बुडलं मंडळ तर बुडलं.”

ती तळहाताला लोणी चोळू लागली. “काका, रोज सकाळी मी खोलीत बसते. दादा येतात. तुमी येता. मला तुमी सगळे कळता. तुमचा खांदा दुखत असला तरी कळतंय. एकदा मी आजारी पडले, चार दिवस टिकली लावली न्हाई. पाचव्या दिवशी लावली, तर होडी तशीच चाललेली. मी नव्हते ते कुणालाच कळलं न्हाई. दादांना पण न्हाई. मला वाटलं, इथं येऊन त्यांच्या फळीवर बसले तर तरी कळंल त्यांना.”

नदी गढूळ, मंद वाहत होती. पलीकडच्या काठावर कुणी म्हशी धूत होतं.

“तुझा बा,” तो शेवटी म्हणाला, “आजारी असला की मी इथं त्याचं पोतं उचलायचो. मीच. दुसऱ्याला हात लावू द्यायचो न्हाई. दिवसभर कंबर धरायची. चार दिवस म्हंजे चार दिवस, कंबरेला कळायचं तो न्हाई ते.” त्याचा हात आपसूक कंबरेकडं गेला. “आता तो हायच म्हणून आमी पोतं उतरवलंच न्हाई गं. मला तो लई लागतो. अजून लागतो.”

“मला पण,” प्रांजल म्हणाली.

मग दोघं अंधार पडेपर्यंत तिथं बसून राहिली. उठताना तो एवढंच म्हणाला, “उद्या येताना टिकली घेऊन ये.”

दसऱ्याच्या सकाळी घाटावर झेंडूची फुलं होती आणि साळुंकीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हार. देवाप्पानं सांगितलं, दत्तूचं पोतंही घ्यायचं. सहा फळ्यांवरचे पुढं बसले, इलाही मुल्ला मागं, आणि सातव्या फळीवर प्रांजल. पोतं तिच्या पायांशी उभं केलेलं. होडी काठोकाठ दबली. प्रांजलनं वल्हं मांडीवर आडवं धरलं. मध्यापर्यंत तिनं हात लावायचा नव्हता. तेवढं अंतर दत्तूचं होतं.

ते अंतर देवाप्पानं घाई न करता कापलं. छातीत दत्तू होता, नेहमीसारखा, केसभर मागं. खांदा भरून आला तसा मागचा ताल पुढं सरकला आणि ओझं उचलू लागला. बस कर आता, देवाप्पा मनात म्हणाला, लई ओढलंस. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात वल्ह्यावर होते, त्यामुळे ते पुसायची सोय नव्हती. पुढं पाचव्या फळीवरच्या माने मास्तरांच्या खांद्यांकडं बघून त्याला कळलं, की तिथंही काही वेगळं चाललेलं नाही.

“थांबा,” गुरव सर म्हणाले. सगळी वल्ही वर आली. नदी होडीखालून सरकत राहिली.

देवाप्पानं पुढं बघत ऐकलं. पोत्याची सुतळी ओढल्याचा आवाज. मग वाळू पाण्यात पडू लागली. आधी ढेकळासारखी, मग सरसर, मग अगदी बारीक. होडी हळूहळू वर उचलली गेली. शेवटी रिकामं पोतं झटकल्याचं ऐकू आलं.

“काका,” मागून तिचा आवाज आला. “लावते.”

“लाव, बाळ.”

दत्तू गेला. आवाज नाही, धक्का नाही. देवाप्पाच्या पाठीला इतक्या वर्षांची जी ऊब होती ती नव्हती, एवढंच. तिथं नुसती हवा लागत होती. उन्हाळ्यात जे रडायचं राहिलं होतं ते तो आता रडला. या क्षणी चाळीस हजार पोरांनाही ते टोचलं असेल, असा विचार त्याला येऊन गेला, आणि टोचू दे, असंही वाटलं.

मग त्या पोकळीत काहीतरी धडपडू लागलं. एक भलताच वेगवान, घाबरा ठोका, कशाशीच न जुळणारा. तो पुढं पळे, मागं राही, थांबून पुन्हा धावे. “ओढा,” सरांनी हुकूम दिला, सभा चालू असताना होडी वाहून जाऊ नये म्हणून. आठ वल्ही पाण्यात गेली, त्यातलं एक उशिरा. गार पाण्याचा सपकारा देवाप्पाच्या मानेवर, पाठीवर, कानात बसला. कितीतरी महिन्यांत त्याची मान भिजली नव्हती.

सर पहिल्या फळीवरून, तोंड पुढं ठेवून, हजेरी घेऊ लागले. सभेचा रिवाज तसाच होता. सर आकडा पुकारणार आणि मागून आवाज येणार. दोन हजर. तीन हजर. चार, पाच.

“सहा.”

“हजर,” देवाप्पा म्हणाला.

“सात.”

मागून उत्तर आलं नाही. छातीतला तो घाबरा ठोका तेवढा धडधडत होता. सरांनी पुन्हा पुकारलं, “सात.”

देवाप्पा मागे वळला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, भर सभेत, नियम मोडून वळला. सातव्या फळीवर एक पोरगी बसली होती. केस कपाळाला चिकटलेले, फोड फुटलेल्या हातांत वल्हं, तोंड उघडं, धाप आवरत नव्हती, आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. तिनं त्याच्याकडं पाहिलं. छातीतला ठोका एकदा अडखळला, आणि मग हळूहळू, अजून वेडावाकडाच, त्याच्या ठोक्याकडं सरकू लागला.

“काका, पुढं बघा की,” ती म्हणाली. “मी हाय मागं.”

आणि मग नाळेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, “सात हजर.”